टाकीतली हजेरी

रोहन, दार ओढून घे. समुद्राचा वारा आहे. ही गोष्ट ज्ञानेशची. गुहागरचा, पाइप फिटर. इथेच यान्बूत माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. त्याने सांगितली तशी सांगतो.

दोन हजार चोवीस, नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता. रात्री सव्वा अकराला फोरमन रूपेशने त्याच्या हातात डिझेलचा कॅन दिला. सात नंबरच्या टाकीजवळ दिव्यांचा जनरेटर आहे, तो भरून ये म्हणाला. एवढंच काम.

ज्ञानेश चिडलेला होता. सकाळी सहाला चौदा जणांनी त्याच टाकीत उतरायचं होतं, गाळ काढायला. आणि आतला विषारी वायू मोजायचा मीटर बिघडलेला. कुठेही धरा, शून्यच दाखवायचा. हे त्याने रूपेशला चार वेळा सांगितलं.

"शून्य म्हणजे चांगलंच ना? यल्ला, चल, कामाला लाग."

एकट्याने नाही म्हटलं तर घरी धाडतील. चौदाही जणांनी म्हटलं तर कोणाकोणाला धाडतील? तेही त्याने बाकीच्यांना सांगून पाहिलं. जेवताना सगळे माना हलवायचे. रूपेश आला की सगळे आपापले बूट बघायचे. जलाल वेल्डर म्हणाला, "पहले तू बोल, फिर हम बोलेंगे." बाळाराम, क्रेनला माल बांधणारा रिगर, म्हणाला, "बाबा रे, इथे युनियन नाही. झोप जा."

आता अर्लचं सांगायला हवं. अर्ल म्हातारा अमेरिकन फिटर. टाच आपटत बॅन्जो वाजवायचा. आपल्या वरातीतला नव्हे, त्यांचा, चामडं मढवलेला. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता, युनियनचा माणूस. संपावर बसलेले लोक तिकडे म्हणायचे ती गाणी अर्ल आमच्यात बसून म्हणायचा. एका गाण्यात दर कडव्याला एकाचं नाव घालायचं. नाव आलं की त्याने 'आहे' म्हणायचं. एकदा म्हटलं की मागे फिरायचं नाही. आम्हाला ती गंमत वाटायची.

दोन हजार अकरा साली अर्ल सात नंबरच्या टाकीत गुदमरून गेला. आत वायू आहे म्हणत होता, कोणी ऐकेना. मग स्वतःच बघायला उतरला. आम्ही... आम्ही बाहेर उभे होतो.

असो.

ज्ञानेशने डिझेल ओतलं. कॅन उचलून वळला. मागे तार वाजली. एकच. मग दुसरी.

आवाज टाकीतून येत होता. झाकण संध्याकाळी उघडलं होतं. आत अजून कोणी उतरलं नव्हतं.

"बाळाराम..."

म्हातारा आवाज. हळू.

"आहे." आतूनच. बाळारामचा आवाज. बाळाराम तर सहा किलोमीटरवर, कॅम्पात झोपलेला.

"जलाल..."

"आहे."

तेरा नावं. तेरा आवाज. मग तार थांबली.

"ज्ञानेश..."

ज्ञानेशने कॅन खाली ठेवला.

"ज्ञानेश..."

"आहे," तो म्हणाला.

मग काही नाही. नुसता जनरेटर.

हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. साधं मीटरचं कोणी ऐकलं नव्हतं, हे कोण ऐकणार? सकाळी सहाला रूपेश म्हणाला, उतरा. बाळाराम जमिनीवर बसला. त्याच्या शेजारी जलाल. एकेक करून चौदाही जण बसले. रूपेश ओरडला, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करायच्या धमक्या दिल्या. कोणी हललं नाही. शेवटी दुसरा मीटर आणला. तो झाकणापाशी नेला आणि किंचाळायला लागला.

चौदाही जीव वाचले. पण आठवड्यात त्यांची पांगापांग केली. कोणी रियाधला, कोणी खमीस मुशैतला. पुन्हा जो तो आपला बूट बघायला मोकळा.

बाळाराम निघाला त्या दिवशी ज्ञानेशने विचारलं, "बाळारामदादा, तुम्ही बसलात कसे?"

"मला काय माहीत! झोपेत कोणीतरी नाव घेतलं, मी आहे म्हटलं. आता भोगतोय."

ज्ञानेशला मात्र टाकीच्या कामासाठी ठेवलं होतं. दोन दिवस आत हवा सोडली. मीटर गप्प झाला. मग तोच पहिला उतरला. गाळावर वाळकी पपडी आली होती, पापडासारखी. बोट लागलं तरी मोडेल अशी. बॅटरी फिरवली. मधोमध एका टाचेची खूण होती. खोल. पुन्हा पुन्हा एकाच जागी आपटलेली, गाणारा ताल धरतो तशी.

भोवती पपडी अखंड. तिथवर गेलेलं पाऊल नाही...

परत आलेलंही नाही.