विहिरीजवळचं जायफळ

खोटं बोलत असेन तर माझे उरलेसुरले दात आत्ता ताटात गळून पडोत. शब्दन् शब्द खरा आहे. गोष्ट अजून घडायची आहे, एवढंच. पण घडायची राहिली म्हणून काय ती खोटी झाली?

तर कोकणात खाडीकाठी सगुणाकाकीची बाग होती. वर माड, खाली जायफळं. नवरा भिकाजी जाऊन वर्ष उलटलं, आणि शेजारच्या बागेतला पुतण्या नीळकंठ तिच्यासाठी पानचष्मा घेऊन आला. चष्म्यातून पान बघितलं की तो पानाच्या शिरांतलं वाचून झाडाचं कूळ नि जात कानात सांगे. काकीला आधी मौज वाटली. भेंडी नि जास्वंद एकाच कुळातल्या, हे ऐकून ती भेंडीला म्हणाली, "तरीच गं, फूल असं नखऱ्याचं येतं तुला."

पण चष्म्याची खरी करामत पुढेच. जायफळात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. फळ मादीलाच. फुलायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर कोण काय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. चष्मा मात्र कोवळ्या पानावरून सांगून मोकळा. मग काय, किनाऱ्यावर जो तो नर रोपं उपटत सुटला. मोठे नरही तोडले. बिनफळाच्या झाडाला जागा कोण देणार?

काकीच्या विहिरीजवळ असाच एक जुना नर होता, भिकाजीने लग्नाच्या वर्षी लावलेला. त्याला कधी फळ धरलं नाही, नि काकीची कूस कधी उजवली नाही. गावाने दोघांना एकच शब्द लावला, वांझ. भिकाजी हसून म्हणायचा, राहू दे, त्याचं काम त्याला ठाऊक. तो गेल्यावर मात्र काकीला त्या झाडाकडे बघवेना. नीळकंठाकडे एक नर आहेच, परागकण नेणारे किडे थोडेच कुंपण मानतात, असं मनाशी म्हणत तिने कुऱ्हाड लावली.

पुढच्या हंगामात बाग फुलली. फुलं नेहमीसारखीच, इवल्या पिवळट सुगडांसारखी. आणि सगळी गळाली. काकीने एक उचलून नखाने चिरलं. आत बीजांडाची पिशवी तयार होती. तिच्या तोंडाशी पराग झेलणारी कुक्षी वाट बघून सुकलेली. नराचं फूल बाहेरून अस्संच, फक्त आत परागाने माखलेला बारीक खांब.

ती तशीच नीळकंठाकडे गेली. तो पडवीत मान खाली घालून बसला होता.

"तुझा नर?"

"तोडला, काकी. मला वाटलं, काकाचा आहेच."

अख्ख्या किनाऱ्याला असंच वाटलं होतं.

काकी घरी येऊन विहिरीजवळच्या उरलेल्या बुंध्यावर बसली. पायाशी जायफळाचं एक रोप उगवलं होतं, कुठल्या पाखराने टाकलेल्या बीचं. तिने चष्मा लावला. नर. तिने ओंजळीने त्याला पाणी घातलं.

"सात वर्षं मी थांबते," ती म्हणाली. "तू थांबशील ना रे?"

आता एक दात हलायला लागलाय, म्हणून सांगून टाकते. ते रोप तेवढं माझ्या मनाचं. तिथे नुसता बुंधा होता, आणि काकी त्यालाच पाणी घालत होती. रोज घालते. तोडलेले बुंधे फुटतात का हो कधी?