उलटे फिरणारे कडे

"मावशी, थांब! ते घड्याळ घालून उतरू नकोस!"

बंदराच्या धक्क्यावरून चिमटा धावत आली. तिची मावशी जहाजांचे तळ पाण्याखाली जाऊन दुरुस्त करीत असे. तिच्या मनगटावर आजोबांचे जुने, पाण्याखाली वेळ मोजायचे घड्याळ होते. कालच दुरुस्त होऊन आलेले, चकचकीत.

"सकाळी त्यावर वेळ लावून माझं अंडं उकडलं," तिच्यामागून आलेला धाकटा भाऊ ढब्बू धापा टाकत म्हणाला. "दगड झाला दगड!"

"तबकडीभोवतीचं कडं उलट्या बाजूला फिरतंय!" चिमटा म्हणाली.

मावशीने कडे फिरवून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. काटा खुणेपुढे सरकेल तेवढा वेळ गेला. हिसका बसला तरी कडे मागेच सरकावे, म्हणजे गेलेला वेळ जास्त दिसेल आणि माणूस लवकर वर येईल, अशी त्याची रचना असते. हे मात्र पुढेच सरकत होते!

तिघे तडक घड्याळजीच्या दुकानात गेले.

"कडं फिरतंय, कटकट वाजतंय. आता काय गाणं म्हणायला लावू?" घड्याळजी खेकसला. "मुलांनी यात नाक खुपसू नये!"

चिमटाने राग गिळला. "बरं काका, वेळ कसा मोजायचा ते तरी शिकवा."

त्याने ऐटीत घड्याळ बांधून खूण लावली. ढब्बूने मांजरीच्या बाळंतपणाची कथा सुरू केली. हातवारे करताना त्याची पिशवी कड्याला घासत होती.

"किती मिनिटं झाली, काका?"

"चार."

"भिंतीवरच्या घड्याळात दहा झालीत! पाण्याखाली असता, तर हवा संपेपर्यंत तुम्हाला कळलंच नसतं."

"कार्ट्यांनो, मुद्दाम ढकललंत!"

"हो! पाण्याखालचा दोर काय विचारून घासतो?"

घड्याळजीने मनगटावरून घड्याळ काढले. कडे उचकटताच खालची, कड्याला एकाच बाजूला फिरू देणारी दातेरी पट्टी पालथी बसवलेली दिसली. "पॉलिशसाठी काढली होती..." तो पुटपुटला.

"घड्याळ चुकलंच, तर जिवाच्या बाजूनं चुकावं म्हणून ती पट्टी असते!" मावशी कडाडली. "चकाकीपायी तुम्ही तीच पालथी घातलीत! लावा आत्ता, माझ्यासमोर!"

धक्क्यावर परतल्यावर मावशीने मनगट चिमटापुढे धरले. "शाबास, पोरांनो! पण आधी तू तपास. त्याशिवाय मी उतरणार नाही."

चिमटाने सगळा राग बोटांत आणून कडे पुढे ढकलले. ते तसूभरही हलले नाही.

"आता उतर," ती म्हणाली.