गळ्याची आण

"ठेव ते ताट!... हात नोको लावू माझ्या लेकीच्या हळदीले!"

बायनाबाईचा आवाज साऱ्या मांडवात घुमला, आणि हळदीचं ताट घेऊन उभी असलेली तिची सून कुंता जागच्या जागी थिजली. पाटावर बसलेल्या नणंदेनं, प्रेमिलानं, कावरीबावरी होऊन वर पाहिलं. गाणी म्हणणाऱ्या बायांचे सूर मध्येच तुटले... १९८५ सालचा वैशाख होता. पोंभुर्ण्याच्या पलीकडे तलावाकाठी वसलेलं ते मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं घर, आणि त्या घरात गावादेखत सासूनं सुनेच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं.

"चार वर्सं झाले लगनाले," बायनाबाई जमलेल्या बायांना सांगत होती, "अजून कूस उजवली नाई. अशा बाईचा हात लागला तं माझ्या पोरीचं कसं होईन?"

कुंतानं मांडवाच्या टोकाकडे पाहिलं. तिथं तिचा नवरा शालिकराम जांभळाच्या डहाळ्या बांधत उभा होता. त्यानं सारं ऐकलं होतं. एक शब्द... त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला असता तर! क्षणभर दोघांची नजरानजर झाली, आणि मग मान फिरवून तो सुतळीची गाठ आवळू लागला.

कुंता मुकाट्यानं परसात जाऊन खरकट्या भांड्यांपाशी बसली. तिची कूस का उजवली नाही, हे त्या मांडवात दोनच माणसांना ठाऊक होतं... ती, आणि तो!

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच शालिकरामला सारखा बारीक ताप येऊ लागला होता. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, आणि डाव्या बरगडीखाली दगडासारखं काहीतरी हाताला लागायचं. मुलूख जंगलाचा, हिवतापानं पानथरी म्हणजे प्लीहा वाढलेली माणसं घरोघरी होती. मलेरियाचा कर्मचारी यायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, गोळ्या द्यायचा. वर्ष सरलं, आणि डुगडुगत्या डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा तो धिप्पाड गडी काठावर बसल्याबसल्या धापा टाकू लागला. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि नवराबायको नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं त्याच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासला, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून घेतलं.

"याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हाडांच्या मगजात आपलं रक्त तयार होतं. तिथं यांच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, असाव्यात त्याच्या तीसपट. त्या पानथरीत साठतात, म्हणून ती फुगलीय."

शालिकरामनं कोरड्या ओठांनी विचारलं, "मंग... किती दिवस, बाई?"

"या रोगाच्या जाती असतात. काही गळ्याच्या, काखेच्या गाठींत सुरू होतात, काही हाडंच पोखरतात. रक्तात पसरणाऱ्यांतही एक भरधाव असते, ती दोन-चार महिन्यांत माणूस नेते. तुमची जात संथ आहे. गोळ्या नेमानं घेतल्या तर तीन वर्षं जातील, चार जातील... पण पुढे कधीतरी ही संथ जातच भरधाव होते. मग आमच्या हाती फारसं काही राहत नाही."

"माझ्या हातचं काई खाल्लं मनून तं नाई ना झालं?" कुंता कळवळून बोलली.

"नाही गं! खाण्यानं नाही, शिवण्यानं नाही, आईबापांकडूनही नाही. जपानात बॉम्ब पडला, तिथं किरणांनी कित्येकांना झाला. पण बहुतेकांना का होतो, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. पेशीच्या आत बारीक धागे असतात. एकाचा तुकडा तुटून भलत्याच धाग्याला जुळतो... एवढंच कळलंय." त्यांनी गोळ्यांची पुडी पुढे सरकवली. "आणखी एक. या गोळ्या चालू असताना मूल होऊ देऊ नका. बहुधा होणारही नाही. गोळ्यांनी पुरुषाचं बीज मरतं."

परतीच्या बसची वाट पाहताना शालिकरामनं तिचा हात घट्ट धरला.

"कुंता, मायले सांगू नोको. प्रेमिलाची सोयरीक पाहून राह्यलो आपुन. रक्ताचा कॅन्सर मनलं का लोक मनतीन, घराण्याच्या रक्तातच खोट हाय. डॉक्टरीण काईबी मनो, गाव ऐकते का? कोन करन तिले? तुले माझ्या गयाची आन हाय!"

"आन मले वांझ मनतीन ते?"

"पोरीचं लगन होऊन जाऊ दे. मी सोता सांगतो मायले."

आणि कुंतानं त्या शब्दावर विश्वास ठेवला!

लग्न झालं. प्रेमिला सासरी गेली. मांडवाचे खांब उपटत असताना कुंतानं नवऱ्याला गाठलं. "आता सांगान ना?"

"आत्ताच कसं? नवी नवरी हाय ते. परत पाठवतीन तिले. एखादं लेकरू होऊ दे तिले, मंग..."

अशी ती आण लांबतच गेली. गोळ्या हिवतापाच्या म्हणून घरात राहत होत्या. त्यांनी शालिकरामचं अंग काळवंडलं, गालांची हाडं वर आली, आणि बायनाबाई शेजारणींपाशी डोळ्यांना पदर लावून म्हणू लागली, "काय खाऊ घालून राह्यली माझ्या लेकाले, देव जाने!" शालिकराम ओसरीवर बसून जाळं विणत असे. ऐकत असे... आणि विणत असे.

पुढच्या उन्हाळ्यात बायनाबाईनं दुसऱ्या सुनेचा घाट घातला. तिचा भाऊ देवराव, त्याची अठरा वर्षांची मुलगी सुकरी. कुंता घाबरली. सवत येईल म्हणून नव्हे... त्या हसऱ्या पोरीचं कपाळ तिला आत्ताच पांढरं दिसू लागलं!

"तिनं काय गुन्हा केला?" तिनं नवऱ्याचे पाय धरले. "आता तरी मायले खरं सांगा!"

"मी नाई मनलं तिले. ते ऐकत नाई, तं मी काय करू?" असं पुटपुटून तो कुशीवर वळला.

मग जे करायचं ते कुंतानं एकटीनं केलं. देवराव चार पाहुणे घेऊन बोलणी करायला आला त्या दिवशी ती पदर खोचून दारात आडवी उभी राहिली आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "या घरात सवत आली तं तलावात जीव देईन! आन मराच्या आधी पोलिसाले तुमचंच नाव सांगून मरीन, देवरावमामा!"

बाया थुंकल्या. "सोता वांझ, आन दुसरीले येऊ देत नाई! वंश बुडवाले बसली मेली!" देवराव अपमानानं लाल होऊन उठला, आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं सुकरीला दुसरीकडे उजवलं. ती पोरगी आपल्या संसारात सुखी झाली. आपण कशातून वाचलो हे तिला कधी कळलंही नाही.

"लई उपकार केले तू," शालिकराम तिच्याजवळ येऊन म्हणाला. कुंतानं आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पावसाळा ओसरला, आणि ती संथ जात भरधाव झाली. नाकातून रक्त थांबेना, अंगभर जांभळे डाग उमटले. नागपूरला न्यायला त्यानं नकार दिला. अकराव्या दिवशी आई उशाशी, बायको पायथ्याशी... त्यानं डोळे उघडले.

"माय..." तो महत्प्रयासानं बोलला, "कुंता..."

कुंता पुढे झुकली. आता सांगेल! आता तरी...

"कुंताले... पानी आनाले सांग."

तिनं पाणी आणलं. त्याला ते गिळवलं नाही. दुपारी सारं संपलं.

तेरावं झालं त्या दिवशी बायनाबाईनं तिचं गाठोडं अंगणात भिरकावलं. "खाल्लं माझ्या लेकाले! त्याच्यामागं दिवा बी ठेवू नाई देल्ला! निघ इथून!"

तेव्हा बोलायचं असतं तर कुंताला कोण अडवणार होतं? ज्याच्या गळ्याची आण होती तो गळाच उरला नव्हता. पण दारात सात महिन्यांची पोटुशी प्रेमिला हुंदके देत उभी होती, आणि तिच्यामागे तिच्या सासरची माणसं... कुंतानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाठोडं उचललं.

ती गडचांदूरला आपल्या विधवा बहिणीकडे, धुरपताकडे आली. तिथं सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत तिला मदतनीसाचं काम मिळालं. जिला गावानं वांझ म्हटलं ती रोज चाळीस लेकरांना भरवू लागली. रडायची नाही. कुणी नवऱ्याचं विचारलं तर "तापानं गेले," एवढंच म्हणायची.

दोन वर्षं उलटली. प्रेमिलाच्या लहानग्या मुलीला ताप येऊ लागला. पोट फुगलं, डाव्या बरगडीखाली दगड हाताला लागू लागला. प्रेमिला वेड्यासारखी नागपूरला धावली. "माझ्या भावाले बी असंच होतं वो, बाई!" ती त्याच डॉक्टरीणबाईंपुढे ओक्साबोक्शी रडली. मुलीला साधा हिवताप निघाला, औषधानं उतरलाही. पण भावाचं नाव-गाव ऐकून डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला, आणि नवल करीत म्हणाल्या, "तुम्हाला घरी कुणालाच ठाऊक नाही? त्याच्या बायकोला तर मी सगळं सांगितलं होतं! गोळ्यांनी मूल होणार नाही, हेही..."

प्रेमिलाकडून सारं ऐकून चौथ्या दिवशी बायनाबाई गडचांदूरच्या अंगणवाडीच्या दारात उभी होती. वाळून काठी झाली होती. जेवून घरी निघालेली लेकरं तिच्या अंगावरून पळत गेली तरी ती हलली नाही.

"काऊन सांगतलं नाई मले, कुंते?" तिचा आवाज फाटला. "मी तुले वांझोटी मनलं... दारातून हाकलून देल्लं... एक शब्द काऊन नाई बोलली?"

"त्यायनं गयाची आन घातली होती."

बायनाबाई तिच्या पायांवर कोसळू लागली. कुंतानं तिला वरच्या वर धरलं आणि ओसरीवर बसवलं.

"चाल घरी. तुझं घर हाय ते."

"नाई, बाई." कुंता शांतपणे म्हणाली, पण कितीतरी वर्षांचा कढ आता आवरेना. "तुमचा राग नाई मले. तुमाले ठाऊकच नव्हतं. त्यायले तं सारं ठाऊक होतं! माय रडू नये मनून लपवलं. बहिणीचं लगन मोडू नये मनून लपवलं. साऱ्यायचा इचार केला त्यायनं... मी कोन होती त्यायची? मराच्या दिवशी बी पानीच मागतलं वो मले!"

शालिकरामबद्दल वावगा शब्द बायनाबाईनं आजवर कुणाचाही ऐकून घेतला नव्हता. तिनं कुंताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"माझा लेक चुकला," ती म्हणाली. "लई चुकला, माय माझी."

कुंताच्या डोळ्यांना धारा लागल्या. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मग बायनाबाईनं तिचा पदर धरला, आणि लहान पोरीसारखं भीत भीत विचारलं, "एक खरं सांग मले. रक्ताचा रोग मनते... त्याच्या अंगात रक्त तं माझंच होतं. माझ्यातूनच गेला का त्याले?"

कुंतानं नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं! ही म्हातारी उरलेला जन्म त्या एका अक्षरानं जळत राहिली असती, जशी कुंता स्वतः जळली होती... ते अक्षर अगदी ओठांवर आलं.

"नाई, बाई," ती म्हणाली. "तुमच्या रक्तातलं नव्हतं. डॉक्टरीण मने, आत धागा असते बारीक, तो तुटते. काऊन तुटते, कोनालेच ठाऊक नाई. तुमच्या हातानं तुटला नाई... माझ्या बी नाई."

म्हातारीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि हंबरडा फोडला. शांत झाली तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "पयल्यापासून सांग मले. कधी दुखाले लागलं, कुठी दुखे, काय मने तो... मी माय असून मले काईच ठाऊक नाई."

त्या घरी कुंता पुन्हा नांदायला गेली नाही. पण त्या दुपारी, रिकाम्या अंगणवाडीच्या ओसरीवर, सासूचा हात हातात घेऊन तिनं नागपूरच्या दवाखान्यापासून सांगायला सुरुवात केली. ऊन उतरलं, धुरपता दोनदा बोलवायला येऊन परत गेली... कुंता सांगतच होती.