चंद्राकडे निघालेला आगकुत्रा

शारजाच्या रोल्ला भागातल्या टायपिंग सेंटरमधून घरी येऊन सुमैय्यानं पाकीट उघडलं, आणि आत उंट निघाला. दात घासणारा उंट. पुढच्या पानावर तोच उंट अंघोळ करत होता, त्याच्या पुढच्यावर केस विंचरत होता, आणि खाली सगळं अरबी.

तिनं छापायला दिली होती स्वतःची गोष्ट, दर शनिवारी घरी घेत असलेल्या मराठी वर्गातल्या पोरांसाठी लिहिलेली. शारजात जन्मलेली पोरं ती. मराठीत विचारावं तर इंग्रजीत उत्तर देणार, आणि कोरियन मालिका नि कोरियन नूडल्स यांच्यापुढे त्यांना दुनिया दिसत नाही. मग सुमैय्यानंही म्हटलं, बरं बाबांनो, कोरिया तर कोरिया! तिकडच्या जुन्या कथेतला आगीचा कुत्रा तिनं उचलला. अंधाराच्या देशाचा राजा त्याला उजेड आणायला धाडतो. तो चंद्राला चावतो, पण चंद्र एवढा गार की दात शिवशिवतात आणि बिचारा रिकाम्या तोंडानं परततो. सुमैय्यानं त्याला अंतराळयानात बसवलं, चार ग्रहांवर भटकवलं, आणि शेवट मात्र आपल्या मनाचा केला. कुत्रा चावायचं सोडतो आणि चंद्राजवळ नुसता बसून राहतो. चंद्राला ऊब लागते, त्याचा उजेड वाढतो आणि आपोआप अंधाराच्या देशापर्यंत पोचतो.

असा हा कुत्रा आता कुणाच्या घरी गेला होता, अल्ला जाणे. पाकिटावर दुकानदारानं मोबाइल नंबर टाकला होता, तो तिनं लावला. पलीकडचा माणूस आधी इंग्रजीत चाचरला, मग चक्क मराठीत बोलू लागला. नाव हम्माद. मूळचा म्हसळ्याचा, जन्म रास अल खैमाचा, आणि तिथल्याच एका छापखान्यात लहान मुलांच्या अरबी पुस्तकांची चित्रं काढणारा. कामासाठी शारजात आला होता; त्याच दुकानातल्या एसीच्या गारठ्यातून बाहेरच्या दमट हवेत आला आणि चष्म्यावर वाफ धरली. मग पाकिटावर काय लिहिलंय हे न बघताच तो बसमध्ये चढला होता.

“तुमचा कुत्रा सुखरूप आहे,” तो म्हणाला. “माझा उंट?”

“दात घासून बसलाय. वाट बघतोय.”

तो हसला... आणि सुमैय्याला ते हसणं उगाचच दिवसभर आठवत राहिलं.

शनिवारी तो पाकीट द्यायला आला. तिच्या कागदांच्या कडांना त्यानं पेन्सिलीनं कुत्रा काढून ठेवला होता! एक कान उभा, एक पडलेला, शेपटीच्या टोकाला ज्योत. न विचारता दुसऱ्याच्या कागदावर चित्रं काढणाऱ्या माणसावर रागवायला हवं, हे तिला कळत होतं. पण तो खाली मान घालून सांगत होता की त्याची मराठी घरात बोलण्यापुरती, वाचायला अक्षर अक्षर लावावं लागतं, तिची अकरा पानं वाचायला त्याला चार दिवस लागले. आपलं लिहिलेलं कुणी इतक्या मन लावून वाचावं... रागवायचं राहूनच गेलं.

मग तो दर शनिवारी यायला लागला. दीड तास बसनं येणार, दीड तास जाणार, आणि वर म्हणणार, इकडे काम होतं म्हणून आलो. शनिवारचं कसलं काम, हे अम्मीनंही कधी विचारलं नाही. कुत्र्याला अंतराळात श्वास कसा घेता येईल, असं पोरांनी इंग्रजीत छेडलं की तो मुकाट्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हेल्मेट रेखाटून द्यायचा. वर्ग सुटला की दार उघडं ठेवून, अम्मीच्या नजरेच्या टप्प्यात, दोघं कडक, दुधाळ करक चहा घेत तिच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक जुळवत बसायची. ती बोलायला लागली की तो चष्मा पुसायला घ्यायचा. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसायचा.

आणि मग ऑक्टोबरात अब्बांची तारीख ठरली. एकतीस वर्षांची नोकरी नोव्हेंबरअखेर खलास. सुमैय्याचा व्हिसा अब्बांच्याच नावावर, म्हणजे डिसेंबरात सगळ्यांनीच मूळ गावी, दापोलीला परतायचं. तिला दापोलीचं वावडं नव्हतं हो. हम्मादपासून लांब जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण हे त्यानं विचारल्याशिवाय सांगायचं कसं?

तिनं जाण्याची तारीख सांगितली तेव्हा हम्मादनं चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाला की पुस्तक त्याआधी पुरं करून देतो. “मला बोलता येत नाही फारसं. जे सांगायचंय... ते चित्रांत दिसेल तुम्हाला.”

त्या एका वाक्यावर तिनं तीन आठवडे काढले.

गुरुवारी पुस्तकाचा नमुना कुरिअरनं आला. चोविसांतली तेवीस चित्रं होती. शेवटच्या कोऱ्या पानावर चिठ्ठी होती, हे शनिवारी घेऊन येतो. अम्मी सांदणं वाफवत होती. सुमैय्यानं ओट्याशी उभ्यानंच पानं उलटली. पहिल्या पानावर कुत्र्याचं तोंड डावीकडे. दुसऱ्यावरही डावीकडे. यान डावीकडे, ज्योत डावीकडे... तेवीसच्या तेवीस चित्रांत कुत्रा मागं टाकलेल्या पानांकडे पळत होता. गोष्ट पुढं चालली होती आणि तो परत चालला होता, घरी.

तर हे सांगायचं होतं म्हणायचं. जा बाई, तू तुझ्या घरी जा. तिच्या डोळ्यांना धार लागली. अम्मीनं विचारलं तर म्हणाली, वाफ गेली डोळ्यांत. अम्मीनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गॅस बारीक केला.

शनिवारी शेवटचा वर्ग संपला, पोरं गेली. हम्माद नवा शर्ट घालून आला होता, कागदाची गुंडाळी घट्ट धरून बसला होता. सुमैय्यानं नमुना त्याच्यापुढं ठेवला. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“चित्रं छान आहेत. निरोप पोचला.”

“मग?” तो घाबरत म्हणाला.

“मग काय... मी जातेच आहे घरी. त्यासाठी कुत्र्याला तेवीस वेळा माघारी पळवायची काय गरज होती?”

हम्मादला काही उमगेना. त्यानं पुस्तक उचललं, सवयीनं मागच्या बाजूनं उघडलं, आणि त्याचा हात थांबला. त्यानं पुस्तक फिरवलं. पुढून एक पान उलटलं, दुसरं उलटलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा.

“मी सहा वर्षं अरबी पुस्तकंच काढतोय,” तो म्हणाला. “आमची पानं उजवीकडून उघडतात. पुढं जायचं म्हणजे... डावीकडेच जायचं. हात तसाच चालतो. हा माघारी नाही पळत हो. चंद्राकडेच निघालाय, पहिल्या पानापासून.”

सुमैय्याला हसू आलं, आणि दोन दिवसांचं रडू उरलं होतं तेही त्याच्याबरोबर आलं. त्यानं गडबडीनं गुंडाळी उलगडली. चोविसाव्या चित्रात कुत्रा चंद्राला अगदी टेकून बसला होता. खाली, गिरवून गिरवून काढलेल्या अक्षरांत दोनच शब्द होते : थांबाल का?

तिनं ते सावकाश वाचलं, त्याच्याइतकंच सावकाश. डोकं कसं स्वच्छ झालं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

हम्मादनं चष्मा काढला.

“ऐका तरी पुढचं. एकतीस वर्षांनी अब्बा घराचं कुलूप उघडणार. तेव्हा मी त्यांच्याजवळ असणार. मी जाणार.” तिनं चित्र आपल्याकडे ओढून घेतलं. “आणि मागणी काय कागदावर घालतात होय? तुमच्या अम्मीला घ्या आणि दापोलीला या. आमच्या दारात येऊन विचारा.”

“आणि तिथं... काय उत्तर मिळेल?”

“तिथं कशाला, इथंच सांगते. हो.”

त्यानं चष्मा घाईघाईनं डोळ्यांवर चढवला. सुमैय्याला आता त्याच्या बोलण्याची घाई नव्हती. ती उठली, आणि आतल्या खोलीत खोकी बांधत बसलेल्या अब्बांना सांगायला स्वतःच गेली.