बॉनेटखालचा जवळा

"मामा, इंजिन चालूच राहू दे. जरा ऐकू दे," प्राप्ती उघड्या बॉनेटशी उभी राहून म्हणाली.

प्राप्ती आणि तिचा धाकटा भाऊ परेश सुट्टीला काशीदला आले होते. खरं तर आत्ता त्यांनी समुद्रात असायला हवं होतं. पण भागोजीमामाची पर्यटक नेणारी गाडी चार दिवस रुसली होती. उभी असली की थडथडायची, आणि ॲक्सिलरेटर दाबला तरी ढिम्म. काल पाहुण्यांची मांडव्याहून मुंबईला जाणारी बोट चुकली. आज पुन्हा चुकली, तर हॉटेलवाले उद्यापासून दुसरी गाडी लावणार होते. मेकॅनिकने तर बॉनेटही न उघडता सांगून टाकलं होतं, "इंजिन उतरवावं लागेल. महिना जाईल." मामाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सूंऽऽ असं काहीतरी वाजतंय," परेश म्हणाला. "सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसं."

प्राप्तीने बागेतल्या पाइपाचा तुकडा आणला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनाजवळ फिरवलं. एका रबरी नळीपाशी आवाज वाढला.

"मामा, ही नळी चिमटीत दाब बरं."

मामाने दाबली आणि थडथड थांबली.

"इथून फुकटची हवा आत शिरतेय," प्राप्ती म्हणाली. "बाबांच्या टेम्पोला अस्संच झालं होतं. म्हणून गाडीत दम नाही."

इंजिन बंद करून पाहिलं, तर नळीच्या टोकाला दातांच्या खुणा.

"उंदीर! पण गाडीत त्याचं काय काम?" परेशने वाकून वास घेतला. बॅटरीमागे सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, चुरा पडला होता. दोघांनी मामाकडे पाहिलं.

"अगं, मांडव्याच्या तुमच्या मावशीसाठी जवळा न्यायचा असतो," मामा ओशाळला. "डिकीत ठेवला की पाहुणे नाक धरतात. म्हणून आदल्या रात्री पिशवी इथं ठेवतो. इथं कुणाला वास येतोय?"

"उंदरांना येतो," प्राप्ती म्हणाली.

दारातून बघणारी कोकिळामामी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मामाने कुरतडलेलं टोक कापलं आणि उरलेली नळी ताणून घट्ट बसवली. गाडी शहाण्यासारखी सुरू झाली.

दुपारी मांडव्याहून मामाचा फोन आला. "पाहुणे बोटीत बसले. हॉटेलवाल्याला सांगितलं, गाडी माझ्या भाच्यांनी बरी केली. त्याला खोटंच वाटत हाय." मग म्हणाला, "पोरांनो, उद्याची फेरी आपलीच हाय."