उजवीकडची खालची दाढ

दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरीणबाईंना रविवार खायला उठायचे. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेलेली, आता डोकावायचं कुठे? म्हणून त्यांनी हौशी उत्खनन मंडळात नाव घातलं. मंडळ म्हणजे पाच-सहा रिकामटेकडी माणसं, जुन्या गोदामातली एक खोली आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर. माळावरच्या खड्ड्यात ब्रशने माती झटकायची आणि चहा पीत खापरांवरून भांडायचं. बाई रमल्या.

एका रविवारी दुपारी सरांचा फोन आला.

"बाई, सांगाडा लागलाय. जबडा तेवढा इथे आणून ठेवलाय. दातांवरून वय सांगाल?"

"त्यात काय! जन्मभर तेच केलंय."

बाई तोंडात घालायचा आरसा आणि हत्यारांची पेटी घेऊन पोचल्या. गोदामात भर दुपारीही दिवा लागत असे. बंद खोलीत ओल्या मातीचा वास कोंडून राहिला होता. टेबलावर, वर्तमानपत्रावर, तो जबडा.

"वर चुन्याचा कोबा होता, वीतभर जाड," सर सांगत होते. "साधी चीर नाही. म्हणजे तो घातल्यापासून खाली कुणाचा हात गेलेला नाही. हजार वर्षं तरी झालीच."

"बाई दिसतेय. पन्नाशीची," दातांची झीज बघत बाई म्हणाल्या.

मग त्या उजवीकडच्या खालच्या दाढेपाशी आल्या. तिच्यात माती घट्ट बसली होती. सुईने हळूहळू उकरली, तसं खाली काहीतरी काळसर चमकलं. खडा असेल. त्यांनी आरशावर उजेड घेतला.

खडा नव्हता. चांदी होती. दाढेत नीट भरून घोटलेली.

आणि शेजारच्या दाढेवर एक आडवा ओरखडा.

बाईंनी आरसा खाली ठेवला. दवाखाना बंद करताना त्यांनी शेवटची दाढ भरली ती धाकट्या बहिणीची. मशीन चालू असताना त्या बयेला हसू आलं, हात निसटला आणि शेजारच्या दाढेवर असाच ओरखडा उठला. स्वतःच्या हातचं काम माणूस विसरत नाही.

त्यांनी बहिणीला फोन लावला. घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

"हं, ताई." आवाज जड होता.

"बरी आहेस ना ग?"

"बरीच आहे... पण तोंडात सारखी माती येतेय. कितीही चुळा भरल्या तरी दाताखाली कचकच..."

"कधीपासून?"

"अकरापासून असेल."

बाईंनी सरांकडे पाहिलं. "जबडा किती वाजता काढलात?"

"अकराला. का हो?"

जबडा रुमालात गुंडाळून त्या उठल्या. "हा जागेवर जाणार. आत्ता."

"अहो, पण नोंद व्हायचीय, फोटो—"

"फोटो नको!"

बाईंचा चढा आवाज सरांनी पहिल्यांदाच ऐकला. ते मुकाट्याने मागोमाग माळावर गेले. बाई स्वतः खड्ड्यात उतरल्या, जबडा होता तिथे टेकवला आणि वर ओंजळीओंजळीने माती लोटली. मग थेट बहिणीचं घर गाठलं.

बहीण दारातच उभी होती. "अर्ध्या तासापूर्वी थांबलं बघ एकदम."

बाईंनी तिला खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावलं. चांदी जागच्या जागी, ओरखडाही. मातीचा कण नव्हता. तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बहिणीशेजारी कोचावर मटकन बसल्या.

"म्हातारी झालीस ताई," बहीण हसली. "माती काय, भाजीतली असेल."

तेवढ्यात सरांचा फोन आला. बाईंनी डाव्या हाताने तो कानाला लावला.

"बाई, रागावू नका. तुम्ही गेल्यावर खड्ड्याची कड ढासळली. शेजारी आणखी एक सांगाडा आहे. हिच्याहून म्हाताऱ्या बाईचा. आणि नवल म्हणजे... दोघींचे हात एकमेकांत गुंतलेत. घट्ट."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात बहिणीच्या हातात होता. केव्हा धरला, कळलंच नव्हतं.

"सोड जरा," त्या हळूच म्हणाल्या.

बहिणीचं हसू मावळलं होतं. "मी कुठे धरलाय, ताई? मीच मघापासून सोडवायला बघतेय..."

फोनवर सर सांगत होते, "एक-दोन बोटं मोडतील, पण सुटतील. ऐकताय ना, बाई? ...सोडवतो हं."