हिरव्या बागेचा लाल नकाशा

मेहुणे जेवायला बसणार एवढ्यात दारात बाई उभ्या राहिल्या. साठीच्या, बुटांना चिखल, हातात गुंडाळी केलेला कागद. मेहुण्यांनी ताटाकडे एकदा पाहिलं आणि उठले. भावोजींच्या खासगी तपासाच्या धंद्यात ते मदतनीस होते. म्हणजे गाडी चालवायची, पिशवी धरायची आणि भावोजींना सुचलं ते आपल्याला कसं सुचलं नाही याचं नवल करायचं. बहिणीचा नवरा पडला, तक्रार करणार कुणाकडे?

"माझ्या झाडांना कुणीतरी विष घालतंय," बाई म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी ती तोडणार आहेत."

त्यांनी कागद टेबलावर पसरला. तो त्यांच्या अक्रोडाच्या बागेचा नकाशा होता, बागायतदार संघाच्या कचेरीत उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला. झाडं ठणठणीत असली की हिरवा रंग, आजारी असली की लाल. बाग लालभडक होती. रोगी झाडं तोडायची, म्हणजे लागण पसरत नाही, असा संघाचा नियम होता. यंदाची तपासणी सर्वांत जुन्या बागेपासून सुरू झाली होती आणि ती बाग बाईंची.

पानं अजून हिरवीच आहेत, असं त्यांनी संघाला परोपरीने सांगून पाहिलं होतं. झाडाचं दुखणं डोळ्याआधी उपग्रहाला दिसतं, असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर बाई खचल्या होत्या. झाडं त्यांनी आणि नवऱ्याने जोडीने लावलेली. नवरा आता राहिला नव्हता. संशय दोघांवर होता, शेजारच्या मुरूमवाल्यावर आणि सख्ख्या पुतण्यावर.

"शेजाऱ्याची बाग मात्र झकास दिसतेय," मेहुणे नकाशाच्या कडेच्या हिरव्यागार पट्ट्यावर बोट ठेवून पुटपुटले. बाईंचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर आपल्या लाल चौकोनावरून हलत नव्हती.

आधी भावोजी आणि मेहुणे मुरूमवाल्याकडे गेले. बागेच्या कुंपणाला लागूनच त्याचं आवार होतं. तांबड्या मुरमाचे ढीग, ये-जा करणाऱ्या गाड्या आणि नाकातोंडात जाणारी धूळ. मेहुण्यांना शिंकांनी हैराण केलं. बाईंची जमीन आपल्याला हवी होती हे मुरूमवाल्याने आढेवेढे न घेता कबूल केलं. पण तिची झाडं माझी धूळ अडवतात, ती गेली तर लोक माझा धंदा बंद पाडतील, असंही त्याने सुनावलं.

"इथे कधी काही उगवतं का?" भावोजींनी विचारलं.

"गवताचं पातंसुद्धा नाही. उगवलं तर मी विकू काय?"

पुतण्याचा सुतारकामाचा कारखाना होता. अक्रोडाच्या लाकडाला भाव चांगला, म्हणून मेहुण्यांनी त्याला मनातल्या मनात आरोपी करूनही टाकलं. बाग तोडणार हे कळल्यावर त्याने लाकूड मागितलं होतं, हे खरं होतं. काकांनी लावलेलं झाड कुणा परक्याच्या वखारीत पडलेलं बघवलं नसतं, असं तो म्हणाला. त्या दिवसापासून काकू त्याच्याशी बोलत नव्हती.

शेवटी ते संघाच्या कचेरीत गेले. नकाशे काढणारी मुलगी चुणचुणीत होती, पण बागेत तिने कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आणि सर्वांना खुलं आहे, कुणीही ताडून पाहावं, असं ती आपणहून म्हणाली. उपग्रहाचं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, प्रत्येक थर एकेका प्रकाशाचा. चौथ्या थरातून तिसरा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितकं झाड ठणठणीत.

"जुना उपग्रह बंद पडला, यंदापासून नव्याची चित्रं घेतो," ती म्हणाली. "पण सूत्र आमच्या सरांचंच. ते निवृत्त झाले, तरी मी त्यातला एक आकडाही बदललेला नाही."

भावोजींनी तिचे मनापासून आभार मानले. मेहुण्यांना वाटलं, यांना उन्हाचा त्रास झाला असावा.

संध्याकाळी बाईंच्या शेडमध्ये सगळे जमले. भावोजींनी लॅपटॉप उघडला.

"मेहुणे, शेजाऱ्याची ती झकास बाग पाहिलीत ना?"

मेहुण्यांनी नकाशा पुढे ओढला. नकाशावरचा हिरवागार पट्टा म्हणजे मुरमाचं आवार होतं.

"जिथे पातं नाही ते हिरवं आणि जिथे झाडं आहेत ते लाल," भावोजी म्हणाले. "विष घातल्याने बाग लाल होईल, पण मुरूम हिरवा कशाने होईल? म्हणजे दुखणं बागेत नाही, नकाशात आहे."

धडधाकट पान लाल प्रकाश गिळतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा केला की झाडाची तब्येत कळते. जुन्या उपग्रहात अवरक्त चौथ्या थरात होता आणि लाल तिसऱ्यात. नव्यात चौथा थर लाल प्रकाशाचा, तिसरा हिरव्याचा, आणि अवरक्त गेला आठव्यात. सरांचं सूत्र बरोबरच होतं, पण त्यांच्या उपग्रहासाठी. नव्या चित्रात त्याने लालातून हिरवा वजा केला, आणि जे झाड जास्त हिरवं तेच जास्त आजारी ठरलं, तर तांबडा मुरूम ठणठणीत.

भावोजींनी आठव्यातून चौथा वजा केला. पडद्यावर बाग हिरवीगार झाली आणि मुरूम लाल.

मुलीचा चेहरा उतरला. तिने तिथूनच संघाच्या अध्यक्षांना फोन लावला, चूक माझी आहे असं सांगितलं आणि तोडणी रद्द झाल्याचं त्यांच्याकडून वदवूनच फोन ठेवला. तुम्ही सूत्र झाकून ठेवलं असतंत तर मी काय करणार होतो, असं भावोजी तिला म्हणाले, तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"म्हणजे कुणीच नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नव्हतं."

बाईंनी हात जोडले. भावोजींना, मुलीला, मेहुण्यांनासुद्धा. तुमचे उपकार कसे फेडू, झाडं तर दिलीतच, पण मनातलं विषही काढलंत, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मग त्या पुतण्याकडे वळल्या.

"मी तुझ्यावर संशय घेतला रे."

"माहीत आहे, काकू."

"माहीत असून आलास?"

"सकाळी झाडं तोडणार होते," तो म्हणाला. "तुला एकटीला कसं ठेवणार होतो?"

बाईंनी त्याचा हात धरला आणि त्याला झाडांत घेऊन गेल्या.